केपच्या बातम्यांमध्ये समुद्रातल्या करंटबद्दल पण लिहा

संपादक साहेब, स.न.

2023 च्या शेवटापासून रेड सी मधल्या हल्ल्यांमुळे बरीच कंटेनर जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपचा वळसा घालायला लागली आणि मर्चंट नेव्हीत आपल्या कोकणातली पोरं पण आहेत म्हणून हे पत्र. जुलै 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ सीएमए सीजीएम बेंजामिन फ्रँकलिन या जहाजावरून 44 कंटेनर समुद्रात गेले, तेव्हा मी वाचलेल्या बातम्यांत कारण काय तर खराब हवामान, बास.

अहो पण तिथला अगुल्हास करंट, म्हणजे समुद्रातला जोरदार प्रवाह, विसरून कसं चालेल! आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला धरून तो नैऋत्येकडे वाहतो, स्पीड चार नॉटपर्यंत (ताशी साधारण साडेसात किलोमीटर) जातो, आशियातून युरोपला निघालेलं जहाज इंधन वाचतं म्हणून त्यावरच चालतं आणि दक्षिण महासागरातला स्वेल, म्हणजे लांबच्या वादळांतून आलेल्या लाटा, येतो नेमका समोरून. लाटेचा जो भाग करंटच्या मधल्या जोरात सापडतो तो मागे रेंगाळतो, कडेचे भाग पुढे सरकतात, म्हणून लाटा त्या जोराच्या पट्ट्याकडेच वळतात, तिथेच गोळा होतात आणि उंच, आखूड, उभ्या भिंतीसारख्या होतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की लाटांच्या याच वळण्यावरून करंट मोजता येतो. समुद्रात तरंगणारा मोजणीचा बॉय एका जागेचं सांगतो, सॅटेलाइटच्या फोटोत अख्खा पट्टा दिसतो. खोल समुद्रात लाटेची लांबी कळली की तिचा स्पीड ठरलेला, म्हणजे दर 12 सेकंदांनी येणारी लाट साधारण सव्वादोनशे मीटर लांब आणि सेकंदाला 18-19 मीटर पळणार, त्यात फरक दिसला की तो करंटचा. युरोपच्या सेंटिनेल-2 सॅटेलाइटचे वेगवेगळ्या रंगांचे फोटो एकाच क्षणी निघत नाहीत, सेकंदभर मागेपुढे असतात, तेवढ्यात लाट किती सरकली ते त्यात मोजता येतं. ढग आले की हा कॅमेरा आंधळा, मग रडारवाले सॅटेलाइट, त्यांना रात्र पण चालते.

नैऋत्येचं वादळ येत असेल तर जहाजाने जोराचा पट्टा सोडून 200 मीटर खोलीच्या रेषेच्या आत किनाऱ्याकडे यावं असा तिथला जुना सल्ला आहे, घरच्यांना हे माहीत असलं तर फोनवर पोराला विचारता तरी येईल. तुमच्या पेपरात पुढच्या वेळी केपची बातमी आली की करंट कुठे होता आणि स्वेल कुठून येत होता या दोन ओळी प्लीज टाका, एक छोटा नकाशा दिलात तर फारच बरं होईल.

आपला नियमित वाचक,
रत्नागिरी