दुर्बिणींना निकालात काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चुंबकीय श्वेत बटू ताऱ्यांच्या (इंधन संपून आक्रसलेल्या, लहान पण घट्ट ताऱ्यांच्या) जोड्यांवरची कालची बातमी वाचली. या विषयाला एवढी जागा दिलीत, आनंद वाटला. पण 'क्ष-किरण उपग्रह आल्यावर जमिनीवरच्या दुर्बिणींचं काम संपलं' हे वाक्य कशाच्या आधारावर छापलंत?

शौरी तारकासमूहातला एएम हर्क्युलिस घ्या. दिसायला एक तारा, पण खरं तर अशीच जोडी. उहुरू या क्ष-किरण उपग्रहाला त्या बाजूने क्ष-किरण येताना दिसले होते, पण ते या ताऱ्याचे, हे जमिनीवरच्या निरीक्षणांतून पुढे आलं. १९७६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ टापिया यांना त्याचा दृश्य प्रकाश ध्रुवित, म्हणजे लहरींना ठरावीक वळण असलेला, आढळला, तेव्हा कुठे बटूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र लक्षात आलं. जोडीदाराकडून ओढलेला वायू तिथे बटूभोवती तबकडी न करता चुंबकीय रेषांवरून थेट त्याच्या ध्रुवावर आदळतो, कोट्यवधी अंशांना तापतो. क्ष-किरण तिथून निघतात.

शाळेत शिकवत असताना मी मुलांना घेऊन अंजनेरीच्या बाजूला आठ इंची दुर्बीण लावायचो. उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर अभिजितच्या उत्तरेला हा तारा शोधायचा. तेराव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), दिसेल न दिसेल असा ठिपका. एका वर्षी नकाशातले शेजारी सगळे जागच्या जागी, हाच गायब! मुलं हिरमुसली. दहावीतल्या एका मुलीने मात्र दुर्बिणीवरून डोळा न काढता विचारलं, "सर, वायू यायचा थांबला असेल का?" तेच झालं होतं. ओघ आटला की तारा पंधराव्या प्रतीपर्यंत मंदावतो, क्ष-किरणही ओसरतात. नेमक्या तेव्हा बटूचा स्वतःचा प्रकाश हाती लागतो आणि वर्णपटातल्या, चुंबकत्वामुळे फुटलेल्या रेषांवरून त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजता येतं, जवळपास दीड कोटी गाउस (गाउस हे त्या क्षेत्राचं एकक). उपग्रहाला फारसं काही दिसत नाही तेव्हा दुर्बीण हे काम करते. त्या मुलीला जे उमगलं, ते तुमच्या बातमीत एका ओळीनेही नाही, याचं वाईट वाटलं.

आता ती जागाही गेली. शेजारच्या रिसॉर्टचे फ्लडलाइट रात्रभर आभाळाकडे तोंड करून जळतात. विनंती करायला गेलो, तर "पाहुण्यांना अंधार चालत नाही" म्हणून वाटेला लावलं. दिवे बंद करा असं आमचं म्हणणंच नाही. त्यांची तोंडं जमिनीकडे वळवा, वर झाकणी बसवा, एवढंच. तुमचा बातमीदार एका रात्री त्र्यंबक रस्त्याला पाठवा आणि याची बातमी करा.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, गंगापूर रोड, नाशिक