डीडीएस सिग्नल जनरेटरच्या अशुद्ध आउटपुटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सिग्नल जनरेटर कॅटलॉगप्रमाणे चालत नसल्याने पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

नागपूरला हिंगणा एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. वायरलेस संचांचे रिसीव्हर दुरुस्त करणे आणि अलाइन करणे (नेमक्या फ्रिक्वेन्सीवर जुळवणे) यावरच माझे घर चालते. त्यासाठी सीताबर्डीतल्या तुमच्या विक्रेत्याकडून ४० मेगाहर्ट्झपर्यंतचा तुमचा डीडीएस सिग्नल जनरेटर (डिजिटल पद्धतीने हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारे यंत्र) घेतला. कॅटलॉगमध्ये छापले आहे की हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीतले सिग्नल) सोडून बाकीचे नको असलेले सिग्नल सगळ्या रेंजमध्ये कॅरिअरपेक्षा, म्हणजे लावलेल्या मुख्य सिग्नलपेक्षा, ६५ डीबी (डेसिबल) खाली असतील. ही एक ओळ वाचून मी जास्त पैसे मोजले होते.

जनरेटर ३१.२ मेगाहर्ट्झवर लावला की रिसीव्हर ३१.४ वरही बोलतो. आधी रिसीव्हरवर संशय घेतला आणि त्यात फुकटची मेहनत गेली. मग एका मित्राच्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते रेघांनी दाखवणाऱ्या यंत्रावर) आउटपुट पाहिले. ३१.४ वर दुसरी रेघ स्वच्छ उभी होती, कॅरिअरपेक्षा जेमतेम ४४ डीबी खाली. मधे २० डीबीने सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर टाकला तर दोन्ही रेघा सारख्याच उतरल्या. म्हणजे दोष ॲनालायझरचा नाही, तुमच्या पेटीतलाच आहे.

यापुढचे तुमच्या इंजिनिअरांनी स्वतः करून पाहावे. जनरेटर ३१.० वर ठेवा, दुसरी रेघ ३२.० वर दिसेल. ३१.१ करा, ती ३१.७ वर येईल. ३१.२ ला ३१.४ वर, आणि ३१.३ ला चक्क कॅरिअरला ओलांडून ३१.१ वर. कॅरिअर जेवढा वर जातो त्याच्या तिप्पट ती खाली येते. तुमचा क्लॉक (सगळ्या सर्किटला ठोके देणारा मूळ सिग्नल) १२५ मेगाहर्ट्झचा आहे, तेव्हा हिशेब सरळ आहे: डॅकच्या (आकड्यांचे व्होल्टेज करणाऱ्या भागाच्या) नॉन-लिनिॲरिटीमुळे तयार झालेला तिसरा हार्मोनिक क्लॉकच्या निम्म्यापलीकडे जातो आणि १२५ मधून वजा होऊन परत बँडमध्ये येतो.

तुमच्या सर्व्हिस सेंटरने फोनवर दोन उत्तरे दिली. पहिले, बाहेरून लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे सिग्नल अडवणारा) लावा. कॅरिअरपासून २०० किलोहर्ट्झवर बसलेला, आणि फ्रिक्वेन्सी बदलली की जागा बदलणारा सिग्नल कुठला लो-पास फिल्टर अडवणार? फिल्टर क्लॉकच्या बाजूच्या इमेज (सिग्नलच्या प्रतिमा) थांबवतो, हे नाही. दुसरे उत्तर असे की हा हार्मोनिकच आहे, म्हणून ६५ डीबीची अट त्याला लागू नाही. ३१.४ हा ३१.२ चा कितवा हार्मोनिक, ते मला लेखी कळवावे. फेज ट्रंकेशनवरही (फेजच्या आकड्यातले शेवटचे बिट कापल्याने होणाऱ्या चुकीवर) ढकलता येणार नाही. तुमच्याच माहितीपत्रकात साइन टेबलला १४ बिट दिले आहेत. बिटाला सुमारे ६ डीबी धरले तर ती रेघ ८४ डीबीच्या आसपास खाली असायला हवी. दोष डॅकचा किंवा त्याभोवतीच्या बोर्डाचा आहे. १० बिटचा डॅक इतपतच देतो असे तुमचे म्हणणे असेल, तर ६५ हा आकडा छापलाच कशाला?

आणखी एक. डिस्प्लेवर ०.०१ हर्ट्झची पायरी दिसते. १२५ मेगाहर्ट्झ आणि ३२ बिट अॅक्युम्युलेटर (फेजची बेरीज करत जाणारा भाग) यांतून निघणारी सर्वांत लहान पायरी साधारण ०.०२९ हर्ट्झ आहे. माझ्या कामाला याने फरक पडत नाही, पण शेवटचा आकडा खरा नसेल तर तो दाखवू नये.

रिसीव्हर अलाइन करणाऱ्याला जनरेटरवर डोळे झाकून विश्वास टाकावा लागतो. खोट्या सिग्नलवर ट्यून केलेला संच गिऱ्हाईक परत घेऊन येते आणि बोल मला लागतो.

माझी मागणी अशी: हा जनरेटर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा ६५ डीबी खरोखर देणारा दुसरा द्यावा आणि त्याच्यासोबत ३१ ते ३२ मेगाहर्ट्झमधला प्रत्यक्ष मोजलेला स्पेक्ट्रम द्यावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड आणि ॲनालायझरच्या स्क्रीनचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
(सही)
हिंगणा एमआयडीसी, नागपूर