दिवसभर अनवाणी राहिलेल्या महाराजांना

आदरणीय महाराज,

साष्टांग नमस्कार.

चैत्र वद्य एकादशी करून तुमच्याकडून घरी आलो, त्याला तीन आठवडे होत आले. रोज रात्री माझे वडील, आप्पा, झोपले की लिहायला बसते. दोन ओळी होतात, रडू येतं, वही मिटते. आज मिटायची नाही असं ठरवलंय. तुमचं नाव लिहीत नाही, आश्रमाचंही नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, एवढं एका दिवसात कळलं. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्यासारखी घरं पुण्यात पुष्कळ आहेत आणि ती दारं लावून बसलेली आहेत.

आप्पांचं वय एकोणऐंशी. चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश. सगळा जन्म भवानी पेठेत गेला. माउलींची पालखी पुण्यात आली की पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, तेव्हा आप्पा दर्शनाच्या रांगेत कधी दिसायचे नाहीत. ते चप्पल स्टँडवर. वारकऱ्यांच्या चिखलाने भरलेल्या चपला घ्यायच्या, टोकन द्यायचं, जोडीला जोड लावून ठेवायची. सदतीस वर्षं हीच त्यांची वारी. आई म्हणायची, पंढरपूरला जाऊन या एकदा. ते म्हणायचे, एवढे पाय माझ्या हातून जातायत की.

आता त्यांना ते देऊळ आठवत नाही. आई गेली तेही आठवत नाही. पण कुठेही गेलो की स्वतःच्या चपला काढतात, मांडीवर घेतात आणि दोन्ही हातांनी धरून बसतात. सोडवायला गेलं की घाबरतात. साधं, लहान मुलासारखं घाबरतात.

या चपलांपायी आम्ही काय काय ऐकलं! शहरातल्या एका मोठ्या सत्संगाला त्यांना घेऊन गेले होते. एसी हॉल, पुढच्या रांगेची पावती वेगळी, मागच्या रांगेची वेगळी. गळ्यात बिल्ले घातलेले दोन सेवेकरी आले. "देवाच्या दारात चपला मांडीवर?" म्हणत त्यांनी त्या हिसकावल्या आणि दाराबाहेरच्या ढिगात नेऊन टाकल्या. आप्पांनी हंबरडा फोडला. व्यासपीठावर करुणेवर प्रवचन चालू होतं, ते चालूच राहिलं. एक बाई मागे वळून मला म्हणाल्या, "पेशंटला घरी ठेवावं हो." मग आप्पांच्या भजनी मंडळाचा फोन आला. ज्या मंडळात आप्पांनी वर्षानुवर्षं टाळ धरला, त्या मंडळाचा. "तुम्ही समजून घ्याल" एवढंच म्हणाले. मी समजून घेतलं आणि आठ महिने आप्पांना जिना उतरवून खाली नेलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या आठ महिन्यांत मीसुद्धा त्यांच्या हातातून चपला ओढल्यात. एकदा तर रागाने कपाटात कोंडून ठेवल्या होत्या.

तुमच्याकडे यायचं मावशीने सुचवलं. वद्य एकादशीला आळंदीची वारी असते, विश्रांतवाडीहून जाणाऱ्या बसला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दशमीलाच मुक्कामाला आलो. पहाटे चारला आप्पा उठून बाहेर गेले. मी धावत मागे. अंगणात कुणीतरी खराटा मारत होतं. मला वाटलं आश्रमातला गडी असेल. ते तुम्ही होतात.

आप्पा पायरीवर बसले, चपला मांडीवर. मी सवयीने सुरू केलं, "माफ करा हं, त्यांना ना..." तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही. खराटा भिंतीला टेकवलात, पायांतल्या स्लिपर काढल्यात आणि आप्पांसमोर वाकून म्हणालात, "माउली, आमच्यापण ठेवता का?"

निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लिपर. उजवीचा अंगठा सेफ्टी पिनने टाचलेला.

आप्पांनी त्या घेतल्या. तळवे एकमेकांवर आपटून माती झाडली. मग खिशात हात घालून लाँड्रीचं जुनं बिल काढलं, मधोमध फाडलं, अर्धा तुकडा तुमच्या स्लिपरच्या पट्ट्यात खोचला आणि अर्धा तुमच्यापुढे धरला. चार वर्षांत त्या हातांनी एवढं नीट काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. तुम्ही तो तुकडा कपाळाला लावलात, उपरण्याच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधलात आणि काकड्याला निघून गेलात.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखलं, आता काकडा झाला की कुणीतरी हळूच नेईल. कुणी नेल्या नाहीत. सहा वाजता मुलांचा पाठ बसला, तुम्ही अनवाणी. नंतर गोठा, तिथेही अनवाणी. विद्यार्थ्यांपैकी एकाने दुसरा जोड आणून तुमच्यापुढे ठेवला, तर तुम्ही म्हणालात, "आमच्या ठेवल्यात रे, माउलींकडं." ऊन चढलं. अंगणातली शहाबादी फरशी तापली. माझे पाय पोळायला लागले म्हणून मी सावलीत सरकले, आणि तुम्ही कोठीघरापासून मंडपापर्यंत पाण्याच्या कळशा आणत होतात. पंक्तीत भगर आणि दाण्याची आमटी वाढणारेही तुम्हीच. मी मोजत होते, खरंच मोजत होते, की हा माणूस कधी परत मागतो.

अकराच्या प्रवचनाला तेरावा अध्याय होता. ज्ञानेश्वरीत गीतेचा एक शब्द, अहिंसा, घेऊन माउली किती थांबतात ते तुम्ही सांगत होतात. अहिंसक माणसाचं वर्णन करताना तो चालतो कसा, इथपासून ते सुरुवात करतात. लाट मोडू नये म्हणून जपून पाऊल टाकणारा पाण्यातला बगळा. केसर चुरगळेल या धास्तीने कमळावर हलके पाय ठेवणारा भुंगा. आप्पांबरोबर मी हे लहानपणापासून कितीदा ऐकलंय. पण त्या दिवशी माझं लक्ष तुमच्या टाचांकडे होतं. भेगांमध्ये गोठ्यातली माती आणि एका बाजूला उन्हाने लाल झालेली कातडी. तुम्ही स्वतःकडे बोट दाखवलं नाहीत, आप्पांकडेही नाही. दाखला सांगितलात आणि पुढच्या ओवीवर गेलात.

दुपारी लोक आले. कुणाच्या जमिनीचा वाद, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलेलं. तुम्ही ऐकत होतात जास्त, बोलत होतात कमी. उपाय, अंगारा, गंडा यांतलं काहीच निघालं नाही. एका बाईंना तर स्पष्ट म्हणालात, "यात मला कळत नाही, वकिलाला विचारा." हे वाक्य मी आजवर कुठल्याही गादीवरून ऐकलं नव्हतं.

आणि आप्पा? ते पायरीवर ताठ बसून होते. येणारा-जाणारा त्यांना "माउली" म्हणून वाकून पुढे जात होता. जेवायला उठेनात, तर तुमच्या मुलांनी पान तिथेच आणून दिलं. एका मुलाने लांबून स्लिपर उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा तुम्ही ओरडलात. दिवसभरात तेवढं एकदाच. "टोकन आहे का तुझ्याकडं?"

महाराज, चमत्कार काही झाला नाही. संध्याकाळी हरिपाठ झाला, त्यातला एक अभंगही आप्पांना म्हणता आला नाही. मला त्यांनी दोनदा "बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारलं. मी चमत्काराला आलेही नव्हते. माझ्या वडिलांकडे काम होतं त्या दिवशी. चार वर्षं आम्ही सगळे त्यांना सांभाळतोय, आणि तुम्ही त्यांच्याकडे काहीतरी सांभाळायला दिलंत. डॉक्टर, नातेवाईक, मी, कुणाला हे सुचलं नाही.

तेव्हापासून मला अशी माणसं दिसायला लागलीत. आधीही असतील, मी मान खाली घालून चालत होते. आता आप्पांना रोज मंडईत नेते. तिथली भाजीवाली मावशी त्यांना लिंबं रचायला देते. ते रचतात, ती मोडते, परत रचायला देते, आणि मधल्या वेळात मला चार भाज्या निवांत घेता येतात. बसमध्ये एका कंडक्टरने त्यांना तिकिटाचा एक तुकडा जास्तीचा फाडून दिला, कारण ते हात पुढे करून थांबले होते. कुणी त्यांना शिकवलं असेल? त्या हॉलमधल्या सेवेकऱ्यांनी या भाजीवालीकडे महिनाभर उमेदवारी करावी असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळचं सांगते आणि थांबते. हरिपाठ संपला, आम्हाला शेवटची बस गाठायची होती. मी आप्पांना उठवायला गेले तर उठेनात. मग तुम्ही आलात, समोर उभे राहिलात, आणि उपरण्याची गाठ सोडलीत. सोळा तास झाले होते. गाठ घामाने घट्ट बसली होती, तुम्हाला दातांनी सोडवावी लागली. तुकडा आप्पांच्या हातावर ठेवलात. त्यांनी तो स्लिपरमधल्या तुकड्याला लावून पाहिला. फाटलेली कड कडेला जुळवली, बोट फिरवून खात्री केली. मग दोन्ही स्लिपर तुमच्या पायांपुढे सरळ मांडल्या, आणि "रामकृष्णहरी" म्हणाले. तुम्हीही म्हणालात. मग आप्पांनी स्वतःच्या चपला मांडीवरून काढल्या, खाली ठेवल्या, आणि कुणी न सांगता पायांत घातल्या.

दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना खिशात ते दोन्ही तुकडे सापडले, मऊ पडलेले. शर्ट वाळला की मी ते परत त्याच खिशात ठेवते.

येत्या वद्य एकादशीला आम्ही दोघं येतोय.

आपल्या माउलींची लेक,
विश्रांतवाडी, पुणे