रविवारच्या प्रयोगासाठी माठ आणताना

सर्व सभासदांनो, माठातलं पाणी किती गार होतं ते रविवारी मोजायचंय, म्हणून माठ साधा आणा. ऑइलपेंट मारलेला किंवा बोअरच्या जड पाण्याने पांढरी पुटं चढलेला नको; छिद्रं बुजली की पाणी पाझरत नाही, मग त्याची वाफ होऊन माठ गारही होत नाही. नवा असेल तर रात्रभर भिजवा. 5 लिटर पाणी भरून सावलीत, वारा लागेल असा तिवईवर ठेवायचा. शेजारी तेवढंच पाणी स्टीलच्या झाकलेल्या पातेल्यात. दर अर्ध्या तासाला तापमान लिहा. तापाचा थर्मामीटर आणू नका, तो साधारण 32 ते 35 अंशांखालचं दाखवत नाही.

1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 ज्यूल उष्णता लागते. ती बरीचशी माठातल्या पाण्यातूनच जाते. हिशेबाने 10 ग्रॅम उडालं की 5 लिटर पाण्याचं तापमान एका अंशाहून किंचित जास्त उतरतं. बाहेरची उष्णता आत शिरते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच. लातूर-बीडच्या वैशाखातल्या कोरड्या हवेत माठ झकास गार होतो, श्रावणात तोच हात टेकतो. सूत्र येत नसलं तरी बिनधास्त या, वही-पेन मात्र विसरू नका.