खेकड्यांचा अभ्यास आणि पगाराची जागा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

बारावीचा निकाल जवळ आला की आपल्या दैनिकात करिअर मार्गदर्शनाचे पान सुरू होते आणि मी ते दरवर्षी नेमाने वाचते. प्राण्यांच्या जाती ओळखणे, त्यांना नावे देणे आणि त्यांचे नमुने पिढ्यान्‌पिढ्या जपणे हेही आयुष्यभराचे काम असू शकते, याचा उल्लेख मात्र त्यात माझ्या वाचनात आला नाही.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला प्राणिशास्त्र शिकवत असे. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मुलीने एकदा खाडीतली चिंबोरी वर्गात आणली आणि पोटाखालचा पदर अरुंद असला तर नर व रुंद असला तर मादी, हे माझ्याआधी तिनेच सगळ्यांना दाखवले. तास संपल्यावर तिने विचारले, “बाई, याचा अभ्यास करून नोकरी लागते का?” मी तिला खेकड्यांच्या अभ्यासक मेरी रॅथबन यांच्याविषयी सांगितले.

अमेरिकेतील बफेलो येथे 1860 साली जन्मलेल्या रॅथबन महाविद्यालयात कधीच शिकल्या नाहीत. 1881 साली भावाबरोबर वुड्स होल या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या असता त्यांनी समुद्र प्रथम पाहिला, तिथे बिनपगारी नमुने लावायला सुरुवात केली आणि पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेत त्या कारकून म्हणून लागल्या. तिथल्या नमुन्यांच्या बाटल्या आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या हेच त्यांचे विद्यापीठ ठरले. त्यांनी हजारांहून अधिक नव्या जाती व उपजातींचे वर्णन केले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चवीने खाल्ल्या जाणाऱ्या निळ्या खेकड्याला ‘कॅलिनेक्टिस सॅपिडस’, म्हणजे चविष्ट असा सुंदर पोहणारा, हे नाव 1896 साली त्यांनीच दिले. कोळीवाड्यात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

जिवंत खेकड्यांइतकाच त्यांनी खडकातल्या खेकड्यांचाही अभ्यास केला आणि 1926 व 1935 साली उत्तर अमेरिकेच्या किनारपट्ट्यांवरील जीवाश्मांवर मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. खेकडा मेला की त्याचे कवच विखुरते आणि पुष्कळदा टणक नांगीचा तुकडाच तेवढा दगडात उरतो, त्यामुळे ज्याने आजच्या शेकडो जातींच्या नांग्या हाताळल्या आहेत त्यालाच तो तुकडा कोणाचा हे सांगता येते. आपल्याकडेही मुंबईत बेसॉल्टच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांत बेडकांबरोबरच खेकड्यांच्या दूरच्या नात्यातल्या ऑस्ट्राकोड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत.

1914 साली संस्थेकडे सहायकासाठी पैसे नव्हते, तेव्हा वाल्डो श्मिट या तरुणाला नेमता यावे म्हणून रॅथबन यांनी स्वतःचा पगार सोडला आणि नंतरची अनेक वर्षे त्या विनावेतन काम करत राहिल्या. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही हा प्रसंग मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवताना मी अडखळते, कारण ज्या मुलीच्या कमाईवर घर चालायचे आहे तिच्याकडून असा त्याग मागणे अन्यायाचे आहे. माझी ती विद्यार्थिनी पुढे बँकेत लागली. खाडीतल्या चिखलाची तिची जाण कोणत्याही नोंदवहीत उतरली नाही, याची खंत मला आजही वाटते.

ठाणे खाडीला 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. रोहित पक्षी पाहायला ऐरोलीला गर्दी होते, ती योग्यच आहे. पण त्यांतला मोठा रोहित ज्या बारीक कवचधारी जिवांवर पोट भरतो, त्यांच्या जाती ओळखणारी पगारी माणसेही या खाडीला हवीत. शासनाने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात वर्गीकरण आणि नमुना-संग्रहासाठी कायम पदे निर्माण करावीत. आपणही येत्या जूनमध्ये त्या पानावर एक दिवस या शास्त्राला द्यावा आणि त्यासाठी कोणती पदवी लागते, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रासारख्या संस्थांत भरती कशी होते व वेतन किती मिळते, हे तिथे काम करणाऱ्यांकडूनच लिहून घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ठाणे (पूर्व)