वेणीचं कुलूप फुटतं हो!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वेण्यांच्या (म्हणजे पेड एकमेकांच्या वरून-खालून नेऊन होतात त्या) गणितावरून ओळख पटवायच्या पद्धतीवर लेख आला, मराठीत असलं काही येतंय हेच खूप, पण त्यात "ही पद्धत कधीच फुटणार नाही" असं ठोकून दिलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितेय.

कल्पना भारीच आहे. सिलिंडरवाल्याला आपण ओटीपी सांगतो म्हणजे गुपितच त्याच्या हातात देतो ना, इथे तसं नाही. समजा 'स' ही माझी गुपित वेणी. 'प' नावाची एक वेणी सगळ्यांना माहीत, आणि आधी स, मग प, मग स उलटी सोडवत नेलेली, असं जोडून झालेली वेणी पण जाहीर, फक्त ती आवरून अशी लिहायची की स कुठे गेली ते दिसू नये. ओळख पटवायची वेळ आली की मी नवी रँडम वेणी 'र' घेते, त्या जोडून झालेल्या जाहीर वेणीला र ने दोन्हीकडून तसंच गुंडाळते आणि पाठवते. समोरचा नाणं उडवतो, छापा आला तर नुसती र दाखवायची, काटा आला तर र आणि स जोडून. एकटी स कधीच बाहेर पडत नाही. तोतया दर फेरीला निम्म्या वेळा सुटेल, पण 20 फेऱ्या केल्या की त्याचा चान्स 10,48,576 मध्ये 1. (र मात्र दर वेळी नवी हवी, एकाच र ची दोन्ही उत्तरं मिळाली की स गेलीच हातची.)

आता घोळ कुठे, तर वेण्या अनंत, त्यामुळे सगळ्यांतून सारख्या चान्सने एक उचलताच येत नाही, मग र मुळे स पूर्ण झाकली जाते याची गॅरंटी कुठली? आणि जाहीर वेण्यांवरून स शोधायचं कोडं सगळ्यात वाईट केसमध्ये अवघड असून भागत नाही, आपण रँडम उचललेली किल्ली (म्हणजे स) पण शोधायला अवघड निघायला हवी, नेमकी तिथेच वेण्यांची बऱ्याचदा विकेट पडलीये. 2017 मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या स्पर्धेत वॉलनट नावाची वेण्यांवरची डिजिटल सही आली होती, तिच्यावर लगेच हल्ले झाले आणि 2019 ला दुसऱ्या फेरीच्या यादीत ती नव्हतीच.

आणि ते चित्र! पेड नुसते फुलीसारखे काढलेत, वरून कुठला गेला आणि खालून कुठला ते कळतच नाही. मग ती वेणी राहतच नाही, नुसती जागांची अदलाबदल होते, आणि ती तर माझी चौथीतली नात पण सोडवेल.

एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा