बाणाच्या पुढे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज ठरवायचो आज लिहू, आणि रोज राहून जायचं. खरं सांगायचं तर प्रश्नच तू असा विचारलास की टाळावासा वाटला. 'अभियंता आणि समाज' हा विषय यंदा तुझ्या गळ्यात पडलाय, मुलं तासाला डुलक्या काढतात, साइटवरचं काहीतरी खरंखुरं पाठव, असं तू लिहिलंस. मुलांचं काही चुकत नाही रे. आपणही हवामानबदलावरची टीप आदल्या रात्री घोकली होती आणि पेपर देऊन आल्यावर विसरलो होतो.

सोबत एक ड्रॉइंग पाठवतोय. पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं आहे, खाली सही माझी. चार हेक्टरची जागा, सगळ्या गटारी डावीकडे उतरत आलेल्या, आणि जिथे हद्दीची तुटक रेषा येते तिथे एक बाण. शेजारी लिहिलंय 'आउटफॉल', म्हणजे पाणी आवाराबाहेर पडतं ती जागा. ड्रॉइंग तिथे संपतं.

त्या बाणाच्या पुढे एक वस्ती आहे. मी तिथे गेलो तो सहा वर्षांनी, तेही पाहणीला बोलावलं म्हणून. एका घरात म्हातारीने पलंगाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा लावल्या होत्या. भिंतीवर पाण्याची रेघ होती आणि तिच्यावर थोड्या उंचीवर दुसरी, ताजी. तिने मला विचारलं, "पाणी आधी इथे येत नव्हतं, आता का येतं?" सोबतचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर माहीत होतं. मी पावसाचं प्रमाण वाढलंय वगैरे काहीतरी पुटपुटलो.

खरं उत्तर रॅशनल मेथडच्या एका ओळीत होतं: गुणांक गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ. तीव्रता धर ताशी 90 मिलिमीटर. मोकळी माती होती तेव्हा रनऑफचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) 0.3, म्हणजे सेकंदाला 300 लिटर पाणी बाहेर जायचं. आम्ही छपरं चढवली, काँक्रीट आणि पेव्हर घातले, गुणांक झाला 0.85. आता 850 लिटर. गटार मी 850 साठीच डिझाइन केलं होतं, सगळ्या तपासण्यांत पासही झालं. आमच्या आवारात आजही पाणी साचत नाही! ते साडेपाचशे लिटर आम्ही फक्त रेषेपलीकडे ढकलले.

पावसाचा दोष अगदीच नाही असंही नाही. मी 25 वर्षांचा परतावा काल धरला होता. मुलांना विचार, याचा अर्थ काय? निम्मी म्हणतील, असा पाऊस 25 वर्षांतून एकदाच येतो. अर्थ एवढाच की दरवर्षी चार टक्के शक्यता, आणि त्याच 25 वर्षांत निदान एकदा तो गाठण्याची शक्यता निघते 64 टक्के. हे गणित फळ्यावर करून घे, डुलक्या उडतील. शिवाय आपले तक्ते जुन्या नोंदींवरून काढलेले असतात. हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. म्हणजे आकडा तोच, पण ज्या आभाळावरून तो काढला ते आता राहिलं नाही.

तेव्हापासून मला हे बाण सगळीकडे दिसायला लागलेत. सिमेंटचंच घे. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के त्याच्या खात्यावर. लोकांना वाटतं भट्टीचा कोळसा बदलला की झालं. पण 100 किलो शुद्ध चुनखडी तापवलीस की दगडातूनच 44 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टी उन्हावर चालव नाहीतर कशावर. म्हणून क्लिंकरच, म्हणजे चुनखडी भाजून होणारं सिमेंटचं मूळ द्रव्यच, कमी वापरायला हवं. आणि आपण काय करतो? राफ्टला, म्हणजे इमारतीखालच्या पायाच्या सलग स्लॅबला, पूर्ण भार यायला वर्ष लागणार असतं, तरी 28 दिवसांच्या क्यूबवर, म्हणजे काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्यावर, अडून बसतो आणि वर एक मूठ सिमेंट 'सेफ्टीसाठी'. मागच्या कामात मी 56 दिवसांची ताकद मान्य करून घेतली आणि बरंचसं सिमेंट स्लॅगने, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीने, बदललं. शटरिंगवाला कुरकुरला, सुरुवातीला काँक्रीट सावकाश धरतं ना. पण राफ्टमध्ये उष्णताही कमी झाली. यात त्यागबिग काही नव्हता, नुसती चांगली इंजिनिअरिंग.

रेतीचं, फेकलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचं सांगत बसत नाही. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेलेला त्याच्या पाव हिस्साही नव्हता. बाकीच्याचा बाण कुठे गेला ते मुलांना शोधू दे.

एक मात्र नक्की शिकव. राणा प्लाझा, बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावरमधली इमारत, 24 एप्रिल 2013 ला कोसळली, 1,134 माणसं गेली. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या, इमारत धोक्याची असल्याचं एका अभियंत्याने सांगितलंही होतं. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या कपड्यांच्या कारखान्यांत मात्र कामगारांना बोलावलं गेलं. धोका कळूनही तो कोणी पत्करायचा हे ज्याच्या हाती पगार त्याने ठरवलं. हे कुठल्या सूत्रात बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही, तुला सुचलं तर लिही.

त्या वस्तीचं म्हणशील तर मी मालकाला टाकीचा प्रस्ताव दिलाय. बाहेर जाणारं पाणी पुन्हा 300 लिटरवर आणायचं, उरलेलं पार्किंगखाली धरून ठेवायचं. पंधरा मिनिटांच्या सरीला ढोबळमानाने 500 घनमीटर लागतात. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे तर तुंबत नाही, मग खर्च कशाला. दोनदा पाठवलं, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात जाऊन बसणार आहे.

तोवर एक कर. माझा हिशेब मुलांकडून तपासून घे, लांबलेल्या पावसाला ही टाकी पुरेल का ते मला नीट पाहायचंय. चुका सापडल्या तर लाज न बाळगता कळव, आणि आउटफॉलच्या पुढची पातळी पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये नाही, ती विचारायला मुलांना विसरू देऊ नकोस.

तुझा,
जुना रूममेट